चोर बाहेर राहिला, पण आग लागली तर आपण आत अडकू: घोडबंदर रोडच्या एका सोसायटीचं प्रकरण

सोसायटी घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे. दोन विंग, तळमजला अधिक २१, खाली रस्त्याच्या बाजूला गाळे. नाव देत नाही, व्हेंडरांचीही देत नाही, कारण यातलं बरंचसं त्या पट्ट्यातल्या निम्म्या टॉवर्समध्ये थोड्याफार फरकाने सापडेल. माझं काम सिस्टीम इंटिग्रेशनचं, म्हणजे कॅमेरे, ॲक्सेस कंट्रोल (कार्ड दाखवून दारं उघडायची यंत्रणा), फायर अलार्म, लिफ्ट हे सगळे वेगवेगळे व्हेंडर लावून जातात आणि मग ते एकमेकांशी बोलत नाहीत तेव्हा आम्हाला फोन येतो. इथे फोन सेक्रेटरी ताईंचा होता. जानेवारीचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट, द्यायचा होता आणि त्याच सुमारास महापालिकेच्या अग्निशमन दलाची तपासणी होणार होती. कमिटी तशी निवांत होती, कारण आदल्या वर्षी बी विंगमध्ये चोरांनी दोन फ्लॅट फोडले होते आणि त्यानंतर स्पेशल जनरल बॉडी घेऊन, वर्गणी काढून, सगळी सिक्युरिटी नवीकोरी केली होती. ताई म्हणाल्या, "दादा, आमचं सगळं अपडेट आहे, तुम्ही फक्त एकदा नजर टाका आणि फाईल लावून द्या."

नजर टाकली आणि फाईल बाजूला ठेवावी लागली.

आधी कायद्याचं थोडक्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, त्यानुसार इमारतीतली आगीची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, म्हणजे आपल्याकडे सोसायटीची. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी घेऊन अग्निशमन दलाला द्यायचा. एजन्सीला लायसन्स महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांकडून मिळतं. आता गंमत अशी की फॉर्म बी वाला येतो तो पंप, हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ), एक्स्टिंग्विशर, डिटेक्टर बघतो. जिन्याच्या दाराला सिक्युरिटीवाल्याने काय लावलंय हे बघायचं त्याच्या डोक्यात येत नाही, आणि सिक्युरिटीवाल्याला तर फायरशी घेणंदेणंच नाही. दोघांचे कागद बरोबर, दोघांच्या मधला सांधा कुणाच्याच एएमसीत, म्हणजे देखभालीच्या वार्षिक करारात, नाही. या प्रकरणात जे काही निघालं ते जवळजवळ सगळं त्या सांध्यात निघालं.

पहिली फेरी मी नेहमी वरून खाली मारतो, लिफ्टने टेरेसला जायचं आणि जिन्याने उतरायचं, कारण आग लागल्यावर माणूस जिन्यानेच उतरणार असतो. टेरेसच्या दाराला कुलूप. वरून मॅग्लॉक, म्हणजे विजेच्या चुंबकाचं लॉक, आणि मॅग्लॉक कधीकधी सुटतो म्हणून जोडीला पितळी कुलूप, डबल सेफ्टी. चावी कुठे विचारलं तर वॉचमन मामा म्हणाले, "चेअरमन साहेबांकडं असते साहेब, आणि ते गावाला गेलेत." १८, १३ आणि ८ व्या मजल्यावर रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीत सुटका होईपर्यंत थांबायच्या मोकळ्या जागा, आहेत (पहिला २४ मीटरच्या वर आणि मग साधारण दर १५ मीटरला एक, असा हिशोब असतो), त्यातल्या १३ व्या मजल्यावरच्या रेफ्यूजला जाळी लावून, लॉक करून आत गणपतीच्या मंडपाचं सामान, दोन मोडक्या सायकली आणि कुणाचा तरी जुना सोफा. जिन्याची दारं फायर डोअर आहेत, आग दोन तास अडवणारी, पण ॲक्सेस कंट्रोल लावताना त्या दारांना आरपार भोकं पाडून मॅग्लॉकची पट्टी बसवली होती, आणि जिथे भोक चुकलं तिथे ते तसंच सोडून शेजारी दुसरं. फायर डोअरला असं भोसकलं की त्या दोन तासांना काही अर्थ राहत नाही, धूर तिथूनच येतो.

मग इलेक्ट्रिकल डक्ट उघडला. कॅमेऱ्यांच्या केबल वर न्यायला प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधल्या भोकाचं सील फोडलेलं, केबल टाकून झाल्यावर परत बंद करायचं कुणाला सुचलं नाही. चौथ्या मजल्यावरून टॉर्च मारली तर उजेड सातव्यावर दिसत होता. डक्टमध्ये आग लागली तर हे सरळ धुराचं धुरांडं, आणि हे सगळं चोर पकडायच्या कॅमेऱ्यांसाठी. शिवाय हाऊसकीपिंगवाल्यांनी झाडू, फिनेल, खराट्यांची गाठोडी तिथेच ठेवलेली, पण ते सगळीकडे असतं, ते मी आता मोजत पण नाही.

होज बॉक्सचं, म्हणजे आग विझवायच्या पाइपच्या पेट्यांचं, प्रकरण मात्र मजेदार होतं. बॉक्समधले नोझल गनमेटलचे असतात, भंगारात चांगला भाव मिळतो म्हणून चोरीला जातात, तर कमिटीने बंदोबस्त म्हणून ४४ च्या ४४ होज बॉक्सना छोटी कुलपं लावली होती. चाव्यांचा जुडगा केबिनमध्ये, चाव्यांवर नंबर नाहीत.

आता मुख्य गोष्ट, मॅग्लॉक. हे नीट समजून घ्या कारण यावर कमिटीत सगळ्यात जास्त वाद झाला. मॅग्लॉक म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेट, करंट आहे तोवर दार धरून ठेवतो, करंट गेला की सोडतो. म्हणून व्हेंडर सांगतो की हा फेल-सेफ आहे, लाईट गेली की आपोआप उघडणार, काळजी नको. अर्धं खरं आहे. कारण त्या लॉकला १२ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायच्या डब्यात एक ७ एएचची बॅटरी बसवलेली असते, का तर लोडशेडिंगमध्ये दारं सताड उघडी राहायला नकोत. मग लाईट गेली तरी लॉक तसाच, तास दोन तास तरी आरामात. आगीत पहिली लाईटच जाते किंवा आपण मेन बंद करतो, आणि ज्या दाराने उघडायला पाहिजे ते बॅटरीच्या जीवावर घट्ट बंद. आतल्या बाजूला एक्झिट बटण होतं खरं, पण ते कंट्रोलरला सिग्नल देतं, कंट्रोलर मग लॉकला सांगतो, म्हणजे मधला कार्ड हँग झाला तर बटण दाबत बसा. ६०० पौंडाचा लॉक म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास जोर, तो खांद्याने ढकलून उघडत नाही, प्रयत्न करून बघा हवं तर.

व्हेंडरचं म्हणणं होतं की फायर पॅनलला (आगीचे डिटेक्टर जिथे जोडलेले असतात तो डबा) इंटिग्रेशन दिलेलंय. होतं पण. फायर पॅनलमधून एक वायर ॲक्सेस कंट्रोलरच्या इनपुटला आणली होती, सॉफ्टवेअरमध्ये 'फायर आला तर सगळी दारं उघड' असा नियम टाकायचा होता, तो एका विंगचा टाकला होता, दुसरीचा राहिला होता. कोटेशनमध्ये मात्र दोन्ही विंगचं इंटिग्रेशन लिहिलेलं आणि पैसे पण दोन्हीचे दिलेले.

मी कमिटीला म्हटलं की यादी नको, आपण एकदा खरीखुरी टेस्ट घेऊ, सगळ्यांनी बघू द्या. रविवारी सकाळी, आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकून. तरीसुद्धा ग्रुपवर "रविवारी तरी झोपू द्या" वगैरे आलंच. टेस्ट साधी, बी विंगच्या ११ व्या मजल्यावर डिटेक्टरला टेस्टरचा स्प्रे मारायचा, त्याच वेळी त्या विंगची मेन पॉवर बंद करायची, आणि प्रत्येक ठिकाणी एक माणूस वही घेऊन उभा: पॅनलला, लॉबीत, जिन्यात, पंपरूमला, गेटला. अगरबत्तीने डिटेक्टर तपासणारे असतात, ते चालतं थोडंफार, पण पॉवर चालू ठेवून केलेल्या टेस्टला मी टेस्ट मानत नाही.

काय झालं ते क्रमाने सांगतो. हूटर, म्हणजे आगीचा भोंगा, वाजलाच नाही, कारण बी विंगचा झोन पॅनलवर डिसेबल केलेला. का, तर खालच्या चायनीजवाल्याच्या गाळ्यातला स्मोक डिटेक्टर त्याच झोनवर, रोज संध्याकाळी कढई तापली की बोंबलायचा, लोक वैतागले, कुणीतरी झोन बंद केला तो केलाच. झोन चालू करून परत स्प्रे मारला. हूटर वाजला. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, हे एक बरोबर. लॉबीचं दार बंद, जिन्याची दारं बंद, टेरेस बंद. तळमजल्यावर जिन्यातून बाहेर पडायच्या दारापाशी उभे राहिलेले ट्रेझरर काका आतून हाका मारतायत आणि बाहेर वॉचमन कार्ड दाखवतोय तर रीडर मेलेला, कारण पॉवर बंद. पंपरूममध्ये मेन पंपचा सिलेक्टर ऑफवर. जॉकी पंप, म्हणजे पाइपमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप, सारखा चालू बंद व्हायचा (कुठेतरी व्हॉल्व्ह गळत असला की होतं तसं), पहिल्या मजल्यावरच्यांना रात्री आवाजाचा त्रास, म्हणून वॉचमनने तिन्ही पंप ऑफ करून ठेवलेले, आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ते ऑटोवर ठेवायचे असतात. गेटचा बूम बॅरियर, म्हणजे गाड्या अडवायचा दांडा, आडवा. तो हाताने उचलायची चावी असते, ती पॅकिंगच्या खोक्यातच, खोकं स्टोअरमध्ये. मागचं गेट, जिथून बंब आत येऊन इमारतीला वळसा घालू शकतो, ते सायकल चोरीनंतर साखळी लावून कायमचं बंद.

घोडबंदरला संध्याकाळी सातला काय अवस्था असते आणि त्यात मेट्रोचं काम, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. बंब बाळकुमहून निघो नाहीतर आणखी कुठून, तो यायच्या आधीची मिनिटं आपली आपल्यालाच काढायची आहेत, आणि तो आल्यावर गेटवर चावी शोधायला लावणं म्हणजे कहर आहे.

टेस्टनंतर वाद संपला असं नाही, पण 'सगळं अपडेट आहे' हे वाक्य बंद झालं.

दुरुस्तीत सगळ्यात आधी मॅग्लॉक. मी सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. फायर पॅनलच्या रिलेमधून (विजेच्या सिग्नलवर चालणारा स्विच) वेगळी दोन कोअरची आग सोसणारी केबल प्रत्येक लॉकच्या पॉवर सप्लायपर्यंत, आणि रिले बॅटरीच्या पुढे, म्हणजे बॅटरी आणि लॉकच्या मधली लाईनच तुटली पाहिजे. रिले नॉर्मली एनर्जाईज्ड, म्हणजे एरवी त्याला सतत करंट, असा ठेवला, म्हणून पॅनल बंद पडला, केबल जळली, कुणी कापली, काहीही झालं तरी दार उघडणार, बंद होणार नाही. ॲक्सेस व्हेंडरला हे आवडलं नाही, म्हणाला केबल कुणी कापली की चोराला दार उघडं. मी म्हटलं बरोबर आहे, म्हणून दार उघडलं की केबिनमध्ये अलार्म वाजेल आणि कॅमेरा तिकडे आहेच, चोराला पकडायचे दहा मार्ग आहेत. शिवाय प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला हिरवा ब्रेक ग्लास, म्हणजे काच दाबून चालवायचं इमर्जन्सी बटण, डबल पोलचा, तो थेट लॉकची लाईन तोडतो, कंट्रोलरला विचारत नाही. एका दाराला हा खर्च काही फार नाही, जास्त पैसे केबल ओढायला लागतात. ज्या फायर डोअरना आरपार भोक होतं त्यांची पानं बदलली, तो खर्च मात्र कमिटीला चांगलाच बसला आणि त्यातला काही भाग व्हेंडरच्या फायनल बिलातून कापला, यावर पुष्कळ पत्रव्यवहार झाला, त्यात पडत नाही.

व्हेंडरने मध्येच डिलेड एग्रेस लॉक सुचवला होता, दाबल्यावर १५ सेकंदांनी उघडणारा. अमेरिकेत एनएफपीए या अग्निसुरक्षेच्या संस्थेच्या कोडमध्ये अटींसकट चालतो तो. आपल्याकडच्या अधिकाऱ्यासमोर जिन्याच्या दाराला १५ सेकंद थांबायला लावणारं यंत्र ठेवून त्याला समजावत बसायची माझी तयारी नव्हती.

टेरेसवरून खरी भांडणं झाली. चेअरमन साहेबांची बाजू चुकीची नव्हती, टेरेसवर पोरं दारू प्यायची, आणि शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये एक वाईट प्रकार घडला होता, त्याचा त्यांनी धसका घेतला होता. ते म्हणत होते कुलूप काढलं आणि काही झालं तर जबाबदार मी. मीटिंगमध्ये ए विंगचे एक आजोबा उठले, दिल्लीत बरीच वर्षं नोकरी केलेले, त्यांनी १९९७ च्या उपहार थिएटरचा विषय काढला. ५९ माणसं गेली तिथे, बाल्कनीतली एका बाजूची वाट ज्यादा खुर्च्या टाकून बंद केलेली होती, दारांना कड्या होत्या, माणसं धुराने गेली. आजोबा एवढंच म्हणाले की तिथेही कुणीतरी काहीतरी विचार करूनच ती वाट बंद केली असेल. शेवटी ठरलं असं: पितळी कुलूप निघालं, मॅग्लॉक राहिला पण फायर रिलेवर, आत ब्रेक ग्लास, तो फोडला की लगेच दाराशीच सायरन वाजतो आणि केबिनमध्येही, टेरेसवर दोन कॅमेरे वाढवले, आणि एक डुप्लिकेट चावीचा सेट काचेच्या पेटीत केबिनमध्ये. चेअरमन साहेब खूष नाहीत अजून. पण पोरं दाराशी गेली की वॉचमनला कळतं, जे कुलूप असताना कळत नव्हतं, कारण पोरांकडे डुप्लिकेट चावी होतीच.

रेफ्यूजला कसलंही लॉक नाही, यावर चर्चा केली नाही. दाराला सेन्सर लावला, कॅमेरा लावला, सोफ्याचा मालक शेवटपर्यंत सापडला नाही, भंगारवाल्याला दिला. होज बॉक्सची कुलपं काढून काच फोडून उघडायची कडी, आणि नोझल आत बारीक साखळीला, एका हिसक्यात सुटेल अशा. चायनीजवाल्याच्या गाळ्यात स्मोकच्या जागी हीट डिटेक्टर, झोन चालू. डक्टमधली भोकं फायर सीलंटने बंद. पंपाचा गळका व्हॉल्व्ह बदलला, सिलेक्टर ऑटोवर, त्यावर मराठी आणि हिंदीत लाल अक्षरात पाटी. टेरेसच्या हायड्रंटला गेज लावून बघितलं, चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोच्या वर प्रेशर मिळालं, म्हणजे पंप चांगले होते, फक्त बंद होते.

वॉचमन लोकांबद्दल थोडं. सिक्युरिटी एजन्सीला २००५ च्या कायद्याखाली लायसन्स लागतं, गार्डला ट्रेनिंगही द्यायचं असतं, लायसन्सची कॉपी फाईलमध्ये होती, ट्रेनिंगबद्दल विचारलं तर सुपरवायझर हसला. आम्ही चारही शिफ्टच्या माणसांना पॅनलसमोर बसवून एवढंच शिकवलं: झोन कुठला पेटला ते वाचायचं, १०१ ला फोन करून पत्ता लँडमार्कसकट सांगायचा, दोन्ही गेटं उघडायची, बूम हाताने उचलायचा, पंपरूमकडे एक माणूस. जुने मामा सगळ्यात लवकर शिकले. त्यांनीच एक गोष्ट सांगितली जी आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती, की नव्या गेटची सजावटीची कमान केलीये ती उंचीला कमी आहे, पाण्याचा टँकर आत घेताना दर वेळी घासतो. मोजली. बंबासाठी साडेचार मीटर मोकळी उंची पाहिजे, तेवढी भरत नव्हती. कमानीवर सोसायटीचं नाव सोनेरी अक्षरात, तीन महिन्यांपूर्वी उद्घाटन झालेलं. वरचा आडवा भाग कापला, नाव आता बाजूच्या खांबावर आहे.

मग परत तीच टेस्ट, पॉवर बंद करून, या वेळी रात्री साडेनऊला, कारण रात्रीची शिफ्टही बघायची होती. दारं सुटली. ए विंगचा एक लॉक चिकटून राहिला, प्लेटमध्ये गंज होता, बदलला.

तपासणीच्या दिवशी कमिटीने केबिनमधली कॅमेऱ्यांची मोठी स्क्रीन पुसूनबिसून ठेवली होती. अधिकाऱ्यांनी तिकडे पाहिलंही नाही. आधी पंपरूम, मग टेरेस, वरच्या हायड्रंटचं पाणी, रेफ्यूज, मध्येच कुठलातरी मजला निवडून होज बॉक्स. १६ व्या मजल्यावर जिन्याच्या दारापाशी थांबून त्यांनी विचारलं की पॉवर गेली तर हे कसं उघडतं, आणि उत्तर ऐकून घ्यायच्या ऐवजी ब्रेक ग्लास दाबून दार ढकलून पाहिलं. खाली आल्यावर ड्युटीवरच्या गार्डला पंप ऑटोवर आहे का विचारलं, तो त्यांना पंपरूमला घेऊन गेला. फाईल त्यांनी शेवटी बघितली, फॉर्म बी, मंजूर नकाशा, पंपाचं रजिस्टर, ड्रिलची नोंद, दहा मिनिटांत झालं.

दोन शेरे आले. एक, ए विंगच्या ९ व्या मजल्यावर एका फ्लॅटवाल्यांनी जाळीचा सेफ्टी डोअर पॅसेजमध्ये पुढे काढून घेतलाय, तो आत घ्या. ते काम झालं, कुरकुरत का होईना. दुसरा अजून बाकी आहे. कोपऱ्यातल्या गाळ्याचं मागचं दार आतून आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप लावून बंद असतं, आणि गाळ्यातून बाहेर पडायची दुसरी वाट तीच आहे. गाळेधारक म्हणतो मागच्या दारातूनच त्याच्याकडे एकदा चोरी झालीये, पट्टी काढणार नाही. मी पॅनिक बारचं दार सुचवलंय, आतून ढकललं की उघडतं आणि बाहेरून हँडलच नाही, त्याला ते पटलंय पण दार कुणाच्या पैशाने यावर तो आणि सोसायटी अडून बसलेत. तो म्हणतो मागचा पॅसेज सोसायटीचा, सोसायटी म्हणते दार गाळ्याचं. जुलैचा फॉर्म बी जानेवारीच्याच एजन्सीकडून घ्यायचाय, आणि एजन्सीवाल्याने लेखी कळवलंय की त्या दाराचा प्रश्न सुटल्याशिवाय तो सही करणार नाही.